समीक्षाताईची रशियन

५ ऑक्टोबर २०२५
फुजैराबाहेर, नांगरावर

ताई,

आज सव्विसावा दिवस. नांगर टाकून बसलोय, बंदरात धक्का काही मिळत नाही. मुख्य इंजिन थंड, नुसता जनरेटर चालू. मी पाइप पुसतो, आणि पुसून झाले की तेच पाइप परत पुसतो. ड्युटी संपली की डेकवर पुढून मागे आणि मागून पुढे फेऱ्या. तिसरा इंजिनिअर शुभंकर म्हणून आहे, दापोलीचा. तो म्हणतो, गौरव, एवढ्या चालण्यात तू एव्हाना रत्नागिरीला पोचला असतास.

बोटीवरचं इंटरनेट महिनाभर बंद आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून दिवसातून दोनदा मेल जाते, तीही नुसता मजकूर. फोटो नाही, फोन नाही. तेव्हा लांबलचक लिही, दोन ओळींत कटवू नकोस.

दोन कामं आहेत. पहिलं महत्त्वाचं. माझा करार पंधरा नोव्हेंबरला संपतो, पण बदली माणूस मिळत नाही म्हणून कंपनी म्हणते चार महिने वाढव, तुला ऑइलरच्या जागेवरून वर चढवून फिटर करतो. वीस तारखेच्या आत सही द्यायची. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोट ब्राझीलला निघणार, एकदा निघाली की मग मार्चशिवाय घर नाही. माझं मन घटकेत इकडे, घटकेत तिकडे. तू शेजारीच राहतेस, तूच बाबांना विचार. फोनवर ते कधी बोललेच नाहीत. चाळीस वर्षं मिरकरवाड्याच्या लाँचांची इंजिनं दुरुस्त करून उजवा कान गेलाय, 'बरा ना? ठेवतो' याच्या पुढं गाडी सरकत नाही. तू समोर बसून, डाव्या कानाशी विचार. ते वाढव म्हणाले तर वाढवतो, ये म्हणाले तर येतो.

दुसरं काम तुझ्या आवडीचं. शुभंकरच्या लॅपटॉपवर आपल्या त्या वेलमार गेमचे जुने सगळे भाग आहेत, एक ते सहा, चित्रं घासूनपुसून नव्यानं काढलेले, इंग्रजीत. डिसेंबरात सातवा येतोय. शुभंकरचं म्हणणं, जुने भाग आता भंगार, त्यांत हात घालू नये. मी म्हटलं, बाबा रे, दुसरा भाग आमच्या घरात देवासारखा होता. आठवतं ना? आपल्या वाडीतल्या केरूनं मुंबईहून आणलेली चोरटी सीडी, अख्खी रशियन भाषेत. मी नऊ वर्षांचा, तू पंधराची. पडद्यावर उलटीसुलटी अक्षरं यायची आणि तू घडाघडा मराठीत वाचून दाखवायचीस. तुला रशियन येते असं मी शाळेत सांगायचो गो. पैजा लावायचो.

तर पहिल्यापासून खेळायला घेतोय. बघू, टिकलेत का.

तुझा,
गौरव


९ ऑक्टोबर २०२५
बसणी

गौरव,

लांबलचक लिही म्हणतोस. मेल्या, दिवसभर दुकानात लोकांचे फॉर्म भरून बोटं झिजतात माझी. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, कॉलेजचा प्रवेश, सगळे येतात आणि म्हणतात, ताई तुम्हीच लिहा काय ते. आज एका आजींच्या अर्जात 'अर्जदाराचे म्हणणे' असा रकाना होता. मी विचारलं, काय म्हणणं आहे? त्या म्हणाल्या, मला काय ठाऊक, तूच सांग. म्हणजे बघ.

काकांना विचारलं. समोर बसून, डाव्या कानाशी, तू सांगितलंस तसं. म्हणाले, वाढव. म्हणाले, इंजिन उघडायला मिळतंय तर कशाला सोडतोस, फिटर झालास तर माझ्या पुढं गेलास. इकडे येऊन काय माझं तोंड बघत बसणार, मी इथं मजेत आहे, माझी काळजी करू नकोस म्हणाले. तेव्हा सही कर आणि मोकळा हो.

तब्येत छान आहे त्यांची. सकाळी आईच्या हातची पेज घेतात, संध्याकाळी पडवीत बसतात. तुझ्या घराची झाडलोट आम्ही मायलेकी करतो, काही अडत नाही.

खेळाचं म्हणशील तर मला फारसं आठवत नाही. पण पहिला भाग झाला की दुसरा सोडून सरळ तिसरा घे. दुसरा कंटाळवाणा आहे रे, आपण लहान होतो म्हणून आवडला. आता बघशील आणि हिरमुसशील.

समीक्षाताई


१३ ऑक्टोबर २०२५
नांगरावर

ताई,

सही केली. काल संध्याकाळी. कागद दिला आणि बरं वाटायला हवं होतं, तर उलट फेऱ्या वाढल्या.

पहिल्या भागाचा निकाल आधी सांगतो. नाही टिकला. हिरोला वळायला एसटीएवढी जागा लागते. तो एकीकडे तलवार चालवतो आणि कॅमेरा जाऊन भिंतीत शिरतो, मग राक्षस आपल्याला कुठून मारतोय कळतच नाही. थैलीत बारा वस्तू मावतात, तेरावी उचलायची तर एक टाकायची. मेलं की थेट मागच्या गावापासून सुरुवात. शुभंकर मागे उभा राहून हसत होता. मी तीन संध्याकाळी दात खाऊन पुरा केला, कारण त्याला जिंकू द्यायचं नव्हतं. नवी चित्रं लावून काय होतं, आतला सांगाडा म्हातारा तो म्हाताराच.

दुसरा भाग सोडायला सांगतेस? तुला ताप आहे का? तोच तर खेळायचाय. उद्यापासून.

आणि एक विचारायचं होतं. बाबा पडवीत बसतात असं तू लिहिलंस. बाबा कधीपासून बसायला लागले? मला त्यांची पाठच आठवते, कुठल्या तरी पंपावर वाकलेली. काही दुखतंबिखतं का त्यांचं? नुसतं विचारतोय.

गौरव


१७ ऑक्टोबर २०२५
बसणी

गौरव,

दुखत नाही काही. अडुसष्ट वय झालं, माणूस बसणार नाही तर काय नाचणार? तुझं डोकं रिकामं आहे म्हणून नसत्या शंका. सही केलीस ते चांगलं झालं, आता मागचं उकरत बसू नको.

दिवाळीची गडबड आहे, दुकानात श्वास घ्यायला सवड नाही. चकल्या नीट झाल्या. तुझ्या वाटणीच्या आम्हीच खातो.

समीक्षाताई


२२ ऑक्टोबर २०२५
नांगरावर

ताई,

दुसरा भाग टिकलाय. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिताना राहून जाईल.

चित्रं साधी आहेत, तलवारबाजी लाकडी आहे, घोडा दगडाला अडकून उभा राहतो. ते सगळं खरं. पण तरीवाल्या म्हाताऱ्यापाशी येऊन मी अडकलो. आठवतो ना, नदीकाठी झोपडीत राहतो, माणसं पलीकडे पोचवायची एकच होडी असते त्याच्याकडे? आपण त्याची होडी घेऊन पलीकडे जायचो. तू वाचून दाखवायचीस, 'म्हणतोय, जा बाळा, मी इथं मजेत आहे, माझी काळजी करू नकोस.' मग आपण किल्ला जिंकून परत यायचो तेव्हा झोपडी रिकामी असायची. मी विचारलं होतं, आजोबा कुठं गेले? तू म्हणालीस, लेकीकडे गेले, मंडणगडला. मी म्हटलं, वेलमारमध्ये मंडणगड आहे? तू म्हणालीस, मंडणगड सगळीकडे असतं. मी खुशाल पुढं खेळायला लागलो.

ताई, तो असं काही म्हणतच नाही. इंग्रजीत सगळं स्पष्ट आहे. तो म्हणतो, आज जाऊ नकोस, माझे हात गेलेत, पाणी चढतंय आणि मला वल्हवता येत नाही, थोडा वेळ माझ्याजवळ बस. आणि मंडणगड कसलं, झोपडीमागे त्याची समाधी आहे. आपण तिकडे कधी वळलोच नाही, तू वळू दिलं नाहीस.

आणि बसता येतं गो. एक बटण दाबून ठेवलं की हिरो त्याच्या शेजारी बसतो. मग म्हातारा जगतो, आणि तो डोंगरामागची वेगळीच वाट दाखवतो. तिथं अख्खा प्रदेश आहे, मिठागरं, देवळं, सगळं. मी लहानपणी तो पाहिलाच नाही. पाचव्या-सहाव्या भागात अशा माणसाच्या डोक्यावर पिवळी खूण लटकते, याला मदत करा म्हणून. केलीत की बक्षीस. इथं खूण नाही, काही नाही. तो बोलतो, आणि तुम्हाला जायचं तर खेळ तुम्हाला जाऊ देतो. म्हणून हा भाग जुना होत नाही. शुभंकरनंसुद्धा तो स्वतः सुरुवातीपासून खेळायला घेतलाय.

तुझा राग आला नाही. रशियन तुला येत नव्हती एवढी अक्कल मला बाराव्या वर्षी आली होती. पण काल मी जेवणावरून मधेच उठून तुझी नऊ तारखेची मेल काढून वाचली. 'मी इथं मजेत आहे, माझी काळजी करू नकोस.' शब्द तेच आहेत ताई. तरीवाल्याचे. बाबा जन्मात कधी एका दमात तीन वाक्यं बोललेत? आईला मिरजेच्या इस्पितळात नेली तेव्हासुद्धा मला एवढंच म्हणाले होते, 'शाळा बुडवू नको.'

बाबा काय म्हणाले ते खरं सांग. माझ्या जिवाला चैन नाही.

गौरव


२६ ऑक्टोबर २०२५
नांगरावर

ताई,

चार दिवस झाले. दिवसातून दोनदा मेल येते, दोन्ही वेळा मी ऑफिसच्या दारात उभा असतो. वाईट असेल तरी लिही.

गौरव


२७ ऑक्टोबर २०२५
बसणी

गौरव,

लिहिते. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय, बाहेर लोक खोळंबलेत, खोळंबू देत.

नऊ सप्टेंबरला, विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी काकांच्या अंगावरून वारं गेलं. मागच्या शेडमध्ये पंप उघडून बसले होते, पाना हातातून पडला तो आईनं ऐकला. आधी रत्नागिरीत, मग कोल्हापूरला, अकरा दिवस. जीव वाचला. उजवा हात गेला, पाय ओढत का होईना चालतो, काठी लागते. आणि बोलणं गेलं. आवाज येतो, पण एकच आवाज, चहा हवा असला तरी तो आणि नको असला तरी तोच. डॉक्टर म्हणतात, ऐकलेलं बरंचसं कळतं त्यांना. फक्त बाहेर येत नाही.

आपल्या वाडीची रीत तुला ठाऊक आहे. बोटीवरच्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही. दीपकदादाची आई गेली ते त्याला चार महिन्यांनी सांगितलं, तो उतरल्यावर, घरी आणून, जेवू घालून. पाण्यावरचा माणूस उडी मारून येऊ शकत नाही, मग त्याच्या जिवाला घोर कशाला, असं सगळेच म्हणतात. मीही म्हटलं. तुझ्या मित्रांना, केरूला, सगळ्यांना दम देऊन ठेवला होता.

तू विचारलंस तेव्हा मी खरंच त्यांच्यासमोर बसले रे. डाव्या कानाशी विचारलं. ते बोलले. पाच मिनिटं बोलले, तोच आवाज, डाव्या हातानं खाटेवर थापा मारत. ये म्हणत असतील. वाढव म्हणत असतील. विहिरीवरचा पंप बंद कर म्हणत असतील, मला काय कळणार? घरी जाऊन मी तुला ते लिहिलं जे काका धडधाकट असते तर म्हणाले असते. एकतीस वर्षं ओळखते त्यांना, मला वाटलं कळतं मला. आणि तू ओळखलंस, कारण मी त्यांना त्यांच्याहून जास्त बोलायला लावलं.

तरीवाल्याचंही ऐक. मला रशियन येत नव्हती, पण तो हिरोचा हात धरायचा ते दिसत होतं. हात धरणं कळायला भाषा लागत नाही. पण त्या मे महिन्यात तुझी आई मार्चपासून मिरजेच्या इस्पितळात होती आणि तू रोज सकाळी उठून विचारायचास, आज येणार का. ती परत येणार नाही हे मला मोठ्यांच्या बोलण्यातून कळलं होतं. मग माझ्या वेलमारमध्ये मी कुणाला मरूच दिलं नाही. जो तो मंडणगडला गेला. पंधरा वर्षांच्या पोरीला याहून काय सुचणार होतं?

आता माझा राग ऐक. तूही काही कमी नाहीस. 'बाबांना विचार, ते म्हणतील ते करतो.' येऊ की नको हे तुला ठरवता येत नव्हतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात घातलंस आणि मला मधे उभी केलीस. दिवसभर गावाचे रकाने मी भरते, घरी येऊन तुझाही मीच भरायचा?

चुकले. मला माफ कर किंवा करू नको.

समीक्षा


२९ ऑक्टोबर २०२५
नांगरावर

ताई,

वाचलं. इंजिनरूममध्ये जाऊन रडलो, तिथं कुणाला ऐकू येत नाही. तुझा राग बरोबर आहे. मी गळ्यातच घातलं होतं.

कॅप्टनला भेटलो. सहा नोव्हेंबरला बोट निघतेय. उतरायचं असेल तर दोन तारखेपर्यंत सांग म्हणतो, म्हणजे लाँच आणि कागदपत्रं होतील. उतरलो तर फिटरची जागा दुसऱ्याला, आणि सही करून मोडली म्हणून कंपनी पुन्हा बोलावेल याची खात्री नाही. बाबांच्या औषधपाण्याला माझी नोकरी लागणार, हेही डोक्यात आहे.

एक कर. बाबांच्या डाव्या कानाशी बसून मोठ्यानं एवढंच सांग: 'गौरवनं चार महिने वाढवलेत, तो मार्चमध्ये येईल.' मग ते काय करतात ते मला लिही. फक्त करतात ते. अर्थ लावू नकोस, तो मी लावीन.

गौरव


१ नोव्हेंबर २०२५
बसणी

गौरव,

परवा दुपारी सांगितलं, तुझ्याच शब्दांत. पाहिलं ते लिहिते.

काकांनी ऐकलं. डाव्या हातानं खुंटीवरचा सदरा ओढला. मी घालायला पुढं झाले तर माझा हात झटकला. एक बाही अंगात, दुसरी लोंबती, तसेच काठी घेऊन पडवी उतरले. अंगणाच्या दगडी गडग्यापाशी जी पायरी आहे तिच्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले. चारची एसटी आली, दोन बायका उतरल्या, काकांनी मान वळवून त्यांना घरापर्यंत पाहिलं. आईनं चहा तिथंच नेऊन दिला. सहाची एसटी आली, कुणी उतरलं नाही. मग उठले.

काल मी काही बोलले नव्हते. साडेतीनला सदरा घेऊन परत पायरीवर. आजही. आई म्हणाली, ऊन आहे, आत चला, तर काठी उगारली.

अर्थ तू लाव. मी लावत नाही, तुला शब्द दिलाय. त्यांना हवा खायची असेल, रस्ता बघायचा असेल.

काकांचं एवढंच. आता माझं म्हणणं लिहिते, या खेपेला कुणाच्याही तोंडी न घालता. मला एकटीला हे झेपत नाही. त्यांना आंघोळीला उठवताना माझी कंबर धरते. दुकानात फोन वाजला की हातातला फॉर्म टाकून मी आधी तो उचलते. तुझ्या घरात शिरताना मी रोज आधी दारातून हाक मारते आणि तो आवाज येईपर्यंत माझं पाऊल पुढं पडत नाही. नोकरीचं काय होईल मला माहीत नाही. मिळेल, न मिळेल.

गौरव, ये. हे काका म्हणत नाहीत. मी म्हणते.

समीक्षा


२ नोव्हेंबर २०२५
नांगरावर

ताई,

उतरतोय. सकाळीच कॅप्टनला सांगितलं. तो चिडला, मग कागदावर सही केली आणि वडिलांचं वय विचारलं. फिटरची जागा गेली. नवीन माणूस येईपर्यंत माझं काम शुभंकर बघणार आहे, मी न विचारता म्हणाला.

पाच तारखेला लाँच, सहाला मुंबई, सातला पहाटेच्या गाडीनं रत्नागिरी. तिथून पहिली एसटी धरून घरी.

बाबांना आजच सांग, तारखेसकट. पहाटेपासून पायरीवर जाऊन बसले तर बसू दे, अडवू नकोस. फक्त खाली काहीतरी जाड अंथर, पायरीचा चिरा सकाळी फार गार असतो.

गौरव